मास्तरांची लाइन

जुन्या लोखंडाच्या धंद्यात मी तीस वर्षं काढली. सायकलच्या कॅरिअरला दोन पोती बांधून जाफराबाद-भोकरदनच्या वाड्यावस्त्यांवर भंगार गोळा करत फिरलो, आणि पुढे जालन्यात स्वतःचा गाळा आणि स्वतःचा वजनकाटा केला. एवढ्या वर्षांत सौद्यात मला कुणी खाली पाहायला लावलं नाही. एका माणसाने लावलं. तो माणूस व्यापारी नव्हता. त्याला भाव करता येत नव्हता. वांगी घ्यायला गेला तरी बाई म्हणेल तो दर देऊन घरी यायचा आणि बायकोच्या शिव्या खायचा. त्या माणसाने माझी जमीन काढून घेतली, तीही विहिरीच्या बाजूची. मी ती राजीखुशीने दिली असं गावात सांगतात. ते खोटं आहे.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेचे नव्हे, स्टेशनाचे. मनमाडकडून हैदराबादकडे जाणाऱ्या छोट्या लाइनवर त्यांनी सगळी नोकरी केली होती. रिटायर झाल्यावर माणूस आपल्या गावी येतो हे ठीक, पण हे अशा गावी आले जिथून रेल्वेची शिट्टी ऐकायची तर एस.टी.त बसून जालन्याला जावं लागायचं. घरात ते उर्दू बोलत, ओट्यावर मराठी, आणि चिडले की रेल्वेची इंग्रजी. चिडण्याची कारणं ठरलेली होती. कुणी वेळेवर आलं नाही हे पहिलं. कुणी वेळेआधी आलं हे दुसरं.

सकाळी दहाच्या एस.टी.ला ते रोज फाट्यावर हजर असत. कुठे जायचं नसे. खिशातलं घड्याळ काढून बस किती उशिरा आली ते एका लांब वहीत लिहीत आणि कंडक्टरला कारण विचारत. सुरुवातीला कंडक्टर हसले. मग एकाने वहीत डोकावून पाहिलं. त्याच्या नावापुढे सलग चार दिवस "कारण: चहा" असं लिहिलेलं होतं. वहीला कुणाचा शिक्का नव्हता, ती कुठे पाठवली जाणार नव्हती, तरी पाचव्या दिवशी बस दहाला दोन मिनिटं कमी असताना आली. मास्तरांनी ती दोन मिनिटं फाट्यावर थांबवून ठेवली. लवकर सुटणारी गाडी ही उशिरा येणाऱ्या गाडीपेक्षा वाईट, कारण उशिरा येणारी निदान मागे कुणाला ठेवून जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत अकराचा असतो आणि अक्षता पडतात दोनला. हे ज्याला मान्य नाही त्याने मराठवाड्यात जेवायला येऊ नये. एका लग्नात मास्तर पावणेअकराला मांडवात येऊन बसले. बरोबर पत्रिकेतल्या मिनिटाला उठले, रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या, आचाऱ्याकडून स्वतःच्या हाताने वाढून घेतलं, जेवले आणि घरी गेले. नवरदेव तेव्हा मारुतीच्या पारावर घोड्यावर चढत होता. मुलीचा बाप नंतर भांडायला आला, तेव्हा मास्तरांनी त्याला पत्रिकाच दाखवली.

त्यांच्या बायकोला सगळे चाची म्हणत. "माझं लग्न मालगाडीशी झालंय," त्या सांगायच्या. "कुठं उभी राहील ते सांगता येत न्हाई, पण हलली की कुनासाठी थांबत न्हाई."

तर ही मालगाडी हलली ती छोटी लाइन मोठी होणार अशी बातमी आली तेव्हा. रुंद रूळ टाकायचे म्हणजे अरुंद रूळ उखडणार. मास्तर ओट्यावर लोकांना जमवून सांगू लागले की हे रूळ भंगारात जातील, डबे भंगारात जातील, त्यापेक्षा आपण ते मागून घेऊ. जाफराबादपासून भोकरदनवरून जालन्यापर्यंत एकेरी लाइन. मालक सरकार नाही, मालक गावं. साखर कारखाना लोकांचा असतो, दूध डेअरी लोकांची असते, मग रेल्वेला काय धाड भरलीय? एक इंजिन, तीन डबे. सकाळी भाजी आणि पोरं जालन्याला, संध्याकाळी पोरं आणि खत परत. शेअर पैशात घ्यायचाच नव्हता. ज्याच्या शेतातून लाइन जाईल त्याने बाराफुटी पट्टी पेरायची सोडून द्यायची, तोच त्याचा शेअर.

बाकीच्या गावांनी ठराव केले, टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेले. आमच्या शिवारात मात्र ओढ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत सात शेतं एका ओळीत होती, आणि मास्तर त्या सात जणांच्या मागे हात धुऊन लागले. त्यातला एक मी. मी जालन्यात राहायचो, पण गावात चार एकर घेतली होती. माझ्या बापाने दुसऱ्याच्या शेतावर सालं घातली. आमच्या घराण्यातली ही पहिली जमीन, आणि ती बरोबर सातांच्या मधोमध होती. मी नाही म्हटलं की लाइन तुटली.

सहा जणांना मास्तरांनी कसं पटवलं ते सोपं होतं. प्रत्येकाला आपल्या शेतात स्टेशन हवं होतं. मास्तरांनी प्रत्येकाला दिलं. नकाशावर पेन्सिलने काळा चौकोन काढून शेजारी त्याच्या मळ्याचं नाव लिहिलं. पाऊण मैलात सहा स्टेशनं. मी म्हटलं, मास्तर, ही गाडी चालणार कधी, ती तर थांबायलाच निघालीय. त्यावर ते म्हणाले, "थांबती तीच लोकांची गाडी. न थांबणारी सरकारची."

मग मी माझ्या स्टेशनाचं विचारलं. मला रेल्वे येणार नाही हे स्वच्छ दिसत होतं. पण सहा जणांना फुकट मिळालेली वस्तू सातव्याला मिळू नये, हे माझ्या स्वभावात बसत नाही. मास्तरांनी नकाशा जवळ घेतला, चष्मा सारखा केला आणि मान हलवली. माझं शेत ओढ्याकडे उतरतं. चढावर स्टेशन देता येत नाही, उभी गाडी मागं घसरते.

मी भडकलो. कागदावरची रेल्वे, कागदावरचं स्टेशन, त्याला पेन्सिलीचं टोक झिजण्यापलीकडे खर्च नाही, आणि ते मला नाही. मी म्हटलं, चौकोन काढा, नाहीतर पट्टी विसरा. ओट्यावर वीस माणसं बसली होती.

"पट्टी नको देऊ," मास्तर म्हणाले. "पन उतारावर स्टेशन मी देणार न्हाई. मानसं मरतील."

मी तणतणत घरी आलो. रात्रभर नव्हे, जालन्याला परत जाताना एस.टी.त बसून विचार केला. फसवणारा माणूस कसा असतो हे मला चांगलं ठाऊक आहे. मी त्यांच्यातच वाढलो. फसवणारा सगळ्यांना सगळं देतो, कारण त्याला त्यातलं काहीच द्यायचं नसतं. हा माणूस एक बोट पेन्सिलीसाठी आख्खी लाइन तोडायला तयार होता. म्हणजे हा खराच उतारावर घसरणारी गाडी डोळ्यांनी पाहत होता. पुढच्या बाजाराला मी गावी गेलो आणि पट्टी सोडतो म्हणालो. स्टेशन नाही मिळालं, हे मी अजून विसरलेलो नाही.

अर्ज जालन्याला गेले, तिथून आणखी कुठे गेले. उत्तरं यायची की आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे. प्रत्येक उत्तर आलं की मास्तर खूश. गाडी एका स्टेशनावरून सुटली म्हणायचे.

दोन हंगाम पट्टी पडीक राहिली आणि तिच्यात आपोआप गाड्या शिरल्या. बैलगाड्या. ओढ्यापलीकडच्या शेतांना आमच्या बाजूने यायला वाट नव्हती. पावसाळ्यात बांधावरून गाडी घातली म्हणून चुलतभावांची डोकी फुटलेली, कोर्टात तारखा चाललेल्या. आता त्यांना सरळ डांबरीपर्यंत वाट मिळाली. मास्तर आधी संतापले, लाइनीवर बैल म्हणजे काय. मग त्यांना वाटलं, लाइन गंजण्यापेक्षा वापरात राहिलेली बरी. पण बारा फुटांत समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला मागे सरायला लागायचं, आणि आमच्या लोकांत मागे सरणं म्हणजे बापाचं नाव घालवणं. आठवड्यात दोनदा मारामारी.

मास्तरांनी त्यावर रेल्वेचा उपाय काढला. एकेरी लाइनवर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. गोळा एकच असतो, त्यामुळे लाइनवर गाडीही एकच असते. माझ्या गाळ्यातून त्यांनी एक जुना गोळा उचलून नेला, त्याला लाल रंग दिला आणि दोरीचा फास लावला. ओढ्याच्या तोंडाशी बाभूळ, डांबरीच्या तोंडाशी लिंब. ज्या झाडाला गोळा टांगलेला असेल तिकडच्या गाडीवानाने तो घ्यायचा, पार जायचं आणि दुसऱ्या झाडाला टांगायचा. गोळा पलीकडे असेल तर चालत जाऊन आणायचा. मी पोट धरून हसलो. महिनाभरात मारामाऱ्या थांबल्या. दुसऱ्या गाडीवानापुढे मागे सरताना लाज वाटते, लोखंडी गोळ्यापुढे थांबताना वाटत नाही.

मग खरंच रूळ उखडले. त्यांतला काही माल जालन्याच्या लोखंड वितळवणाऱ्या एका मिलच्या आवारात आलेला मी पाहिला. मास्तरांना मुद्दाम बोलावून घेतलं. मनात कुठेतरी असं होतं की डोळ्यांनी पाहिलं म्हणजे म्हातारा शुद्धीवर येईल आणि माझी पट्टी मोकळी होईल. कापलेल्या तुकड्यांचा ढीग होता. मास्तर त्याच्याभोवती हिंडले. एका तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवून म्हणाले, "हा वळणावरचा. बघ, एकाच अंगानं झिजलाय." मला वाटलं आता रडतील. ते म्हणाले, "एवढा झिजला म्हंजे चिक्कार गाड्या गेल्या." आणि मला कॅन्टीनमध्ये नेऊन भजी खाऊ घातली.

मी मात्र ठरवून टाकलं. रूळ वितळले, विषय संपला. दिवाळीच्या आधी एक दिवस भाड्याचा ट्रॅक्टर आणि नांगर घेऊन मी सकाळीच गावी पोचलो. मी नांगरली की बाकीचे सहाही नांगरणार हे सगळ्यांना माहीत होतं. लाइन माझ्या शेतात मरणार होती.

डांबरीवर वळलो तर लिंबाखाली चार गाड्या सोडलेल्या. बैल चरत होते, माणसं विड्या ओढत बसली होती. पलीकडे ओढ्याच्या तोंडाशीही कापसाच्या गाड्या उभ्या दिसत होत्या. मधली पट्टी आरपार रिकामी. कुत्रंही नव्हतं. मी विचारलं काय झालं. कुणीतरी कापूस भरून भोकरदनला निघाला होता, लिंबाला गोळा टांगायचा विसरला आणि गोळ्यासकट बाजाराला गेला.

"मंग?" मी म्हणालो.

"मंग काय, बसून राह्यलो."

"वाट रिकामी दिसून राह्यली ना तुम्हाला?"

"दिसून राह्यली की," एक म्हातारा गाडीवान म्हणाला. "पन गोळा न्हाई."

दहा पावलं बांधासाठी एकमेकांवर कुऱ्हाडी उगारणारी ही माणसं. त्यातले दोघे तर कोर्टातले चुलतभाऊ होते, एक या टोकाला आणि एक त्या. समोर मोकळी वाट, आणि दोघेही एका भंगाराच्या गोळ्यासाठी सकाळपासून थांबलेले. मला राग कुणाचा यावा ते कळेना, म्हणून सगळ्यांचा आला. मी ट्रॅक्टर पट्टीच्या तोंडाशी नेला. तेवढ्यात मास्तर आले. कुणीतरी त्यांना बोलावलं असणार. त्यांनी नांगराकडे पाहिलं. सगळं समजले. मी वाद घालायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी वाद घातलाच नाही.

"नांगर," ते म्हणाले. "रान तुझं हाय. पन लाइनीत शिरायचं तर गोळा तुला बी लागंल. तुझ्या आधी चार गाड्या हायेत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी शिरलो असतो. गाडीवानांनी सरकून मला बसायला जागा केली, पाचव्या नंबराची. म्हाताऱ्याने फडकं सोडून भाकर आणि ठेचा पुढे केला. मी उभ्यानेच नको म्हणालो, मग बसून घेतला. दुपार गेली. ट्रॅक्टरवाला तासावर आलेला होता, तो खुशीत झोपला. त्या दुपारी मी त्या माणसांकडून जे ऐकलं ते चार एकर घेऊनही मला ठाऊक नव्हतं. पलीकडच्या कुणाचा कापूस पूर्वी डोक्यावर ओढ्यातून यायचा, कुणाची सून माहेराहून यायला तयार होत नव्हती कारण पावसाळ्यात तिकडे पायी जायचं, आणि आता आली. कुणी मला गळ घातली नाही. आपसात बोलत होते.

दिवस कलला तेव्हा गोळेवाला परत आला. त्याला दोन्ही बाजूंनी भरपूर शिव्या मिळाल्या. चार गाड्या एकेक करून गेल्या. दर खेपेला पलीकडून एक सुटायची आणि गोळा परत यायचा. चौथ्या गाडीचा गोळा पलीकडच्या चुलतभावाने आणला आणि तो स्वतः माझ्या हातात ठेवला. मी ट्रॅक्टरवाल्याला उठवलं. नांगर वर उचलून घ्यायला सांगितला. तसाच वर धरून आम्ही पट्टीतून ओढ्यापर्यंत गेलो, बाभळीला गोळा टांगला आणि लांबच्या वाटेने जालन्याला परत आलो. ट्रॅक्टरवाल्याने मला वेड्यात काढलं असावं. त्याचे तास भरले होते, त्याने बोलून दाखवलं नाही.

यानंतर काही वर्षांनी तलाठी आला. पट्टी वापरात आहे, सगळे तयार असतील तर गाववाट म्हणून कागदोपत्री नोंद करू, पुढे मुरूम-खडी पडेल. सात जण तयार झाले. मीही, कपाळाला आठ्या घालून. अडला एकच माणूस. सात शेतांच्या पुढे पट्टीचं ओढ्याकडचं टोक मास्तरांच्या स्वतःच्या अर्ध्या एकरातून जात होतं, त्यामुळे त्यांची सही लागायची, आणि मास्तर सही देईनात. एकदा वाट म्हणून नोंद झाली की लाइन कायमची गेली, एवढंच म्हणायचे. गावाने समजावलं, चाचींनी समजावलं. शेवटी सगळे माझ्याकडे आले. सौद्यातला माणूस तूच.

मी गेलो. ते ओट्यावर नव्हते, आत खाटेवर होते. तब्येत उतरली होती. मी माझ्या सवयीने गप्प बसलो. सौद्यात आधी बोलतो तो हरतो. तेही गप्प बसले. त्यांना घाई कसलीच नव्हती. शेवटी मीच बोललो, म्हणजे तिथेच हरलो.

"मास्तर, खरं सांगा. गाडी येणार होती का कधी?"

ते उठून बसले. मी त्यांना शिवी दिल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "येणार नव्हती तर तुला स्टेशन द्यायला माझं काय जात होतं?"

मी विचारलं, काय केलं तर सही द्याल. त्यांनी मागणी ठेवली. नोंद बारा फुटांची नको, वीस फुटांची. सातही शेतांतून.

आठ फूट जास्त. माझ्या शेतात आठ फूट म्हणजे विहिरीवरचं मोटारीचं खोपटं पाडून मागे घ्यायचं, आणि हौदही. मी तडकलो. बैलगाडीला बारा पुरतात, ट्रॅक्टरला पुरतात, मग वीस कशाला, असं आवाज चढवून विचारलं. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गाडी जाताना बाजूला मानूस उभा राह्यला पायजे," मास्तर म्हणाले. "त्याला जागा नको?"

"कुठली गाडी, मास्तर?"

"कुठली बी."

मी सोळा म्हटलं. आयुष्यात मी एवढ्या पडेल आवाजात भाव केला नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली, त्या नकाशावर हलवली होती तशी. मी वीस लिहून दिले. मी दिले म्हणून बाकीच्या सहांना द्यावे लागले, आणि ते सहाही जण आजतागायत मला नावं ठेवतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ठेवली असती. मास्तरांनी सही केली, खाली तारीख टाकली आणि घड्याळ पाहून वेळही टाकली. तलाठ्याने सांगितलं वेळ लिहावी लागत नाही. त्यांनी ती खोडू दिली नाही.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. वाटेवर मुरूम पडला तो त्यांनी पाहिला, खडी पाहिली नाही. लोक तिला मास्तरांची लाइन म्हणतात. निम्म्याहून जास्त झीज माझ्या शेताची झाली, हे कुणाच्या तोंडून निघत नाही. तालुक्यातल्या बाकीच्या शेतवाटांवर दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की एकाला मागे सरावं लागतं आणि मग जे होतं ते होतं. आमच्याकडे ते होत नाही. नवी पोरं एकमेकांना हात करून निघून जातात. वाट एवढी रुंद का, हे त्यांना पडलेलंच नाही.

गाळा आता मुलाकडे दिला आहे. मी बराचसा गावीच असतो. संध्याकाळी मोटार बंद करायला विहिरीवर जातो तेव्हा शाळेचा टेंपो येतो, मागून उसाची नाहीतर मक्याची ट्रॉली. मी कडेला सरतो. खोपटं मागे घेतल्याचा राग तेव्हा रोज नव्याने येतो, आणि धूळ खाली बसेपर्यंत मी त्या आठ फुटांतच आरामात उभा असतो.